गच्चीवर वाळवण आणि आभाळ भरून आलं... तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ

काल दुपारी साडेतीनला ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि पोटात गोळाच आला. सिंहगडाच्या बाजूनं काळंकुट्ट आभाळ. सकाळी पाचला उठून ३ किलो बटाटे उकडून, साबुदाणा घालून चकल्या केल्या होत्या. गच्चीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून आले होते. घरी कोणी नाही. रिक्षा मिळेना, मिळाली तर सिग्नल सुटेना. सोसायटीत शिरले तोवर धो धो सुरू.

पाच मजले धावत चढले. गच्चीवर फक्त चार विटा. कागदसुद्धा नाही. वाऱ्यानं सगळं नेलं असणार असं समजून रडकुंडीला येऊन खाली उतरत होते, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दार सताड उघडं. आत हॉलभर माझ्या चकल्या. सोफ्यावर जुनी साडी अंथरून, जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर. पंखा पाचवर. या काकूंशी पार्किंगवरून दीड वर्ष धड बोलणं नाहीये आमचं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं हळू, दाराजवळच्या अजून ओल्या आहेत."

रात्री झोप लागेना. सारखं कराडचं आजोळ आठवत होतं. आमच्या गल्लीत वळवाचा पहिला गार वारा सुटला की कुणीतरी ओरडायचं, "आलाऽऽ आला!" आणि अख्खी गल्ली माडीवर. कुणाचं वाळवण कोण उचलतंय याचा पत्ता नाही. नंतर ओसरीवर बसून आजी आणि शेजारच्या बायका निवडत बसायच्या, ही कुरडई तुमची, ही आमची. आजी नुसती मोडून, जिभेवर ठेवून सांगायची, "ह्यात हिंग जास्त आहे, ही पलीकडच्यांची."

एका वर्षी मात्र पाऊस दोन दिवस हललाच नाही. ६ किलो गव्हाच्या कुरडया, आदल्याच दिवशी घातलेल्या. घरात पसरल्या पण ऊन नाही, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. आजीनं सगळ्या गोळा केल्या आणि गोठ्यात नेऊन गुरांपुढे घातल्या. हात धुतले आणि उंबऱ्यावर बसली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजीला काहीही न करता नुसतं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पदराच्या टोकाला चिकाचा वाळलेला पापुद्रा होता, तो ती नखानं काढत होती, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी तिनं परत गहू भिजत घातले.

तुमच्याकडचं लिहा ना. पाऊस, वाळवण, माणसं, काहीही चालेल.

रानमोगरा

आई गं. वाचतानाच धडधडलं. चकल्या वाळल्या का शेवटी??

कृष्णाकाठ

हो गं, आज कडक ऊन आहे. पुन्हा घातल्यात गच्चीवर. थोड्या तुटल्या, त्या चिवड्यात जातील.

तापीकाठची

आमच्या खान्देशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बिबड्या (ज्वारीचे पापड) झाल्याच पाहिजेत. ज्वारी भिजवून, कुटून, रात्री पीठ आंबवून पहाटे हाटायचं. तीन वाजता चूल पेटायची. हाटायला माझे मोठे काका, कारण तो लाकडी हाटा फिरवणं बायकांच्या हाताला जड जायचं, एवढं घट्ट होतं ते पीठ. गरम गोळ्याला हाताला पाणी लावून थापायचं, हात भाजायचे. आम्हा पोरींना वाटीत गरम घाटा मिळायचा, वर कच्चं तेल. त्या वाटीसाठी तीनला उठायचो आम्ही, नाहीतर कोण उठतंय.

पाऊस तिकडे कमीच. पण वावटळ यायची. खाटेवरून बिबड्या उडून थेट शेजारच्यांच्या वाडग्यात, म्हणजे आवारात. धूळ लागलेली बिबडी आई फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, तळल्यावर काही कळत नाही.

आखाजीला या वर्षीपण जाता आलं नाही माहेरी. मुलाची परीक्षा. असो, नंतर लिहिते, कुकर झालाय.

वाटसरू

राखणदाराची बाजू कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो.

मे महिन्यात मामाकडे गेलं की मुलग्यांना एकच काम, गच्चीवर बसून कावळे हाकणं. हातात काठी, डोक्याला ओला पंचा. मामीनं शेजारी उघडी काळी छत्री ठेवलेली असायची, कावळे तिला बिचकतात म्हणून. पहिले दोन दिवस बिचकायचे. तिसऱ्या दिवशी छत्रीवरच येऊन बसायचे.

आणि पगार म्हणजे अर्धवट वाळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. वरून सुकलेल्या, आतून चिकट, थोड्या कोमट. त्या चवीची दुसरी वस्तू जगात नाही. आम्ही कडेच्या खायचो म्हणजे मधल्या तशाच दिसतील. मामीला कळायचं. ती दरवर्षी एक ओळ जास्तच घालायची, हे मला ती गेल्यावर माझ्या मामेबहिणीनं सांगितलं. "पोरांची ओळ" म्हणायची म्हणे त्याला.

रानमोगरा

वाटसरू, डोळ्यांत पाणी आणलंत दुपारी दुपारी.

शिकाऊ_सुगरण

विषयाला सोडून विचारते, माफ करा. कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजवायचा? माझा मागच्या वर्षी वास मारत होता. सासूबाई नाहीत आता, विचारायला कुणी नाही.

माजघर

@शिकाऊ_सुगरण, अगं माफी कसली. तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, तेच चुकलं असेल. उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ बदललेलं बरं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, चोथा दोनदा तरी पिळायचा. चीक रात्रभर निवळू दे. सकाळी वरचं पिवळसर पाणी हलक्या हातानं ओतून टाक. खाली राहील तो चीक भांड्यानं मोज, तेवढंच पाणी उकळत ठेव, त्यात मीठ, हिंग. आता इथे दोघी लागतात. एकीनं धार धरायची, दुसरीनं हलवायचं. थांबलीस की गुठळी झालीच समज. पारदर्शक दिसायला लागला की झाकण ठेवून वाफ काढ, आणि गरम असतानाच सोऱ्यात. गार झाला की दाबता दाबता हात निघतो.

सगळं उन्हं चढायच्या आत गच्चीवर गेलं पाहिजे. म्हणून पहाटे लागायचं.

आणि वाटीभर चीक बाजूला काढून ठेव, तूप आणि साखर घालून खा. सासूबाईंच्या आठवणीनं खा.

शिकाऊ_सुगरण

खूप खूप आभार ताई. दुसरी कोण शोधू, नवऱ्यालाच धार धरायला बसवते.

बागायतदार_तासगाव

तुमचं वाळवण डब्यात जातं, आमचं बाजारात, पण पाऊस दोघांचाही तोच.

आमच्याकडे द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याला जातात. घड द्रावणात बुडवून शेडवर जाळ्यांच्या मजल्यांवर पसरायचे, चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. दोन आठवडे हवा कोरडी मिळाली तर माल हिरवा-पिवळा, चकचकीत. एक पाऊस आला, नुसतं दमट हवामान झालं तरी माल काळा पडतो आणि दर निम्म्यावर येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अभिमान आहेच, पण आभाळाला ते दाखवून उपयोग नाही.

एका मार्चमध्ये रात्री अडीचला वीज कडाडली. वडील, मी, बायको, धाकटा भाऊ, सगळे ताडपत्र्या घेऊन शेडवर. वारा एवढा की ताडपत्री धरलेला माणूस ओढला जायचा. वडील ६८ वर्षांचे, खांबाला मिठी मारून दोर धरून उभे. मी ओरडतोय, आबा, खाली या. ते ऐकतच नाहीत. सकाळी बघितलं तर पश्चिमेची बाजू सगळी भिजलेली, त्यांनी धरलेला कोपरा कोरडा. त्या कोपऱ्यातला बेदाणा आम्ही विकला नाही. घरात ठेवला, पाव्हण्यांना वाटला.

आबा आता शेतात येत नाहीत. पण ढग आला की फोन येतो, "दोर बघितलास का?"

तापीकाठची

दादा, आबांना नमस्कार सांगा.

पाचवा_मजला

आमच्या सोसायटीनं गच्चीला कुलूप लावलंय. कारण काय तर पाण्याच्या टाक्या. किल्ली मागायला गेलं की अर्ज करा म्हणतात. पापड वाळवायला अर्ज! सत्तरीच्या सासूबाई गॅलरीच्या कठड्यावर ताटात चार-चार पापड्या ठेवून ऊन सरकेल तसं ताट सरकवतात. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी, संध्याकाळी बेडरूममध्ये. आठ दिवस लागले अर्धा किलोला. फार जीव तुटतो बघून. मे महिन्यात दहा दिवस, चार तास, एवढीच तर मागणी आहे.

माजघर

सगळ्या बायका मिळून जा ना सभेला. एकटीचं ऐकत नाहीत. आमच्याकडे तसंच उघडलं कुलूप, आता वाळवणाचे दिवस वाटून घेतलेत मजल्याप्रमाणे.

पाचवा_मजला

बघते. सासूबाईंनाच पुढे करते, त्या बोलायला लागल्या की कोणी नाही म्हणत नाही.

खाडीवरची

आमचं वाळवण मासळी. वसईकडचे आम्ही. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर टांगायची, ओळीच्या ओळी. जवळा खाली पसरायचा. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणजे मे महिन्यात सुकवलं तेच पावसाळाभर घरी आणि तेच बाजारात. लोकांना वास येतो, आम्हाला त्यात शाळेची फी दिसायची. आई पहाटे किनाऱ्यावर उभी राहून नुसता वारा अंगावर घ्यायची आणि सांगायची, आज टांगायचं की नाही. मोबाईलवर हवामान बघते मी आता. आईचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर येतो अजून.

भिजलेला बोंबील परत सुकवला तरी पांढरा राहत नाही. पिवळा पडतो. गिऱ्हाईक लांबून ओळखतं.

रानमोगरा

सुक्या बोंबलाची चटणी!! कोणीतरी कृती द्या, आत्ताच्या आत्ता.

खाडीवरची

भाजून, डोकं-शेपूट काढून, कुस्करून, लसूण-लाल तिखट-मीठ, वर कच्चं तेल. पाट्यावर जमलं तर पाट्यावर. आणि भाकरी गरम हवी, बाकी काही नको.

माडाखाली

२०२५ चा मे आमच्या सिंधुदुर्गात कोण विसरणार? मृग दूर, रोहिणी लागली त्या दिवशीच, २५ मेला, मान्सून तळकोकणात. मुंबईतसुद्धा २६ मेला. तिथली नेहमीची तारीख ११ जून. आणि त्याच्या आधीचे आठ-दहा दिवसही कोरडे नव्हतेच.

आमसुलांची दोनच पुटं झाली होती. कोकमाची सालं त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं करत करत काळपट लालभडक होतात. दोन पुटांवर थांबली ती मऊ आणि फिकट राहिली. फणसाची साठं ताटातच. आई ताट हातात घेऊन उभी, पावसाकडे बघत, म्हणाली, "अरे, दोन दिवस तरी थांबायचं होतंस रे." जसं काही ओळखीच्या माणसाला बोलतेय.

मग चुलीच्या वर शिंकाळ्यात परडी टांगून धुरावर आमसुलं वाळवली. धुराचा वास राहिला त्यांना. बहिणीला ठाण्याला पाठवली तर तिचा फोन, अशी सोलकढी कधीच झाली नव्हती, यंदाही धुरावरचीच पाठव. आई खूश. लाकडं कुठून आणायची हा प्रश्न माझा.

वाटसरू

माडाखाली, विकता का? खरंच विचारतोय. आमच्याकडे मिळतात त्यात मीठच जास्त.

माडाखाली

विकत नाही दादा, पण गणपतीला गावाला येत असाल तर घरी या, बरणी भरून देतो.

वाळूतला_मोगरा

दुबईत ऊन फुकट आहे. पापड्या सकाळी घातल्या की संध्याकाळी खुळखुळतात. फक्त वारा सुटला की बारीक वाळू, म्हणून वर सुती ओढणी बांधायची. इमारतीच्या नियमात गॅलरीत काही वाळत घालायचं नाही, मी कठड्याच्या खाली, जमिनीलगत घालते.

१६ एप्रिल २०२४. आदल्या दिवशीच पोह्यांचे पापड लाटून घातलेले. आणि मग तो पाऊस. इथे आयुष्य काढलेल्यांनीही असा कधी पाहिला नव्हता, विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली. नवरा ऑफिसात अडकला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी आला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. मधल्या काळात लिफ्ट बंद, वीज ये-जा करतेय, मुलगा चार वर्षांचा, घाबरलेला. शेजारी केरळची चेची आणि समोर कराचीच्या आपा. तिघी एका घरात बसलो. चेचीनं कांजी केली, आपांनी खजूर-चहा, मी ते अर्धे ओले पापड गॅसवर जाळीवर भाजले. मऊ होते, धड फुललेही नाहीत. मुलगा म्हणाला आई, हे पावसाचे पापड आहेत का? आमच्या घरात तेच नाव पडलं. आता दर एप्रिलला पावसाचे पापड होतात आणि दोन पुडे शेजारी जातात.

तापीकाठची

पावसाचे पापड 😍 हे नाव मी घेतलं.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात वाळवण करायला जिगर लागते. ४५ अंशात गच्चीवर पाय ठेवला की चप्पल चिकटते. सकाळी आठच्या आत सगळं घालून खाली यायचं, ते संध्याकाळीच काढायला जायचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत तर मूगवड्या दीड दिवसात दगड होतात.

आज हा धागा वाचला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवर स्टीलचा डबा आहे. आईच्या हातच्या मूगवड्या. आई जाऊन तीन वर्षं होतील. तिनं शेवटच्या उन्हाळ्यात खुर्चीवर बसून घातल्या होत्या, हात थरथरायचे म्हणून कुठे मोठी, कुठे चपटी. मी तेव्हा म्हटलं होतं, "आई, राहू दे ना गं, विकत मिळतात." तिनं उत्तर दिलं नाही, घालत राहिली.

१९ वड्या उरल्यात. आत्ता मोजल्या. करवत नाही आणि ठेवून खराब होतील ही भीती. काय करू सांगा.

कृष्णाकाठ

संत्रानगरी, तुम्हाला काय सांगू. मी असते तर सगळ्या भावंडांना बोलावून एकदाच भाजी केली असती, आणि एक वडी ठेवली असती.

माजघर

मीपण हेच म्हणते. किडा लागण्याआधी कर बाई. त्यांनी खाण्यासाठीच घातल्यात ना.

संत्रानगरी

भाऊ रविवारी येतोय अमरावतीहून. बघते. वांगी-वडी त्याला आवडायची.

शिकाऊ_सुगरण

पितळी सोऱ्याची बारीक शेवेची चकती कुठे मिळेल? आमची हरवली, बाकी सगळ्या आहेत. कुरडई जाड येतेय.

वाटसरू

पुण्यात तुळशीबागेत बघा, सोऱ्या बरोबर घेऊन जा. चकतीचं माप प्रत्येक सोऱ्याचं वेगळं असतं, नुसती आणली तर बसत नाही. दोनदा परत जावं लागलंय आम्हाला.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचलं, काही दोन-दोनदा. दुपारपासून फोन हातातून सुटला नाही.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले आत्ता. एक डबा भरून चकल्या घेऊन गेले होते. काकूंनी बसवलं, चहा दिला. पार्किंगचा विषय दोघींनी काढला नाही. निघताना त्या म्हणाल्या की यंदा त्यांनी काहीच केलं नाही, गुडघे दुखतात, गच्चीचे जिने चढवत नाहीत. मग मला लक्षात आलं की काल त्या पावसात दोन मजले चढून वर गेल्या होत्या. माझ्यासाठी. किती फेऱ्या केल्या असतील, एवढं सगळं एका खेपेत येतच नाही.

शनिवारी गहू भिजत घालतेय, त्यांच्या हिशेबानं २ किलो जास्त. चीक हलवायला त्या खुर्ची टाकून बसणार आहेत, धार मी धरेन.

माजघर

शनिवारी भिजवलास तर मंगळवारी वाटायला येईल आणि बुधवारी पहाटे शिजवायचा. बुधवारी सुट्टी टाक.

कृष्णाकाठ

अरे हो! टाकते.